दप्तरातले पाते : मुले, शस्त्र आणि कायदा

दिवाळीची सुटी संपवून मुले वसतिगृहात परतली, की गृहपाल गुरुजी प्रत्येकाची पेटी उघडून पाहत असत. माजी विद्यार्थ्यांना हा शिरस्ता आठवत असेल. पेटीत फराळाचे डबे, नवा सदरा, आईने शिवलेली गोधडी असे काहीबाही असे. एका वर्षी मात्र नववीतल्या एका मुलाच्या पेटीत चादरीखाली मिटवता येणारा चाकू निघाला. तो मुलगा माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत असे. चाकूची गोष्ट मला आठ दिवस आधीपासून ठाऊक होती आणि मी ती कोणालाही सांगितली नव्हती.

‘हा कोठून आणलास?’ असे गुरुजींनी त्याला विचारले नाही. त्यांनी दार लोटून घेतले, मुलाला समोर बसवले आणि विचारले, “बाळ, तुला कोणाची भीती वाटते?” मुलगा बराच वेळ गप्प राहिला; मग रडू लागला. बाजाराच्या दिवशी एस.टी. स्थानकाजवळ काही मोठी मुले त्याला अडवून पैसे काढून घेत होती. आईवडील ऊसतोडीला दूर कारखान्यावर गेलेले. सांगावे कोणाला? म्हणून त्याने चाकू जवळ केला. “वापरणार नव्हतो गुरुजी, नुसता ठेवला होता,” असे तो म्हणाला.

पुढच्या बाजारी गुरुजी स्वतः त्याच्याबरोबर गेले आणि त्या मुलांच्या वडीलधाऱ्यांना भेटले. चाकू त्याला परत मिळाला नाही आणि त्याची त्याला पुन्हा गरजही वाटली नाही. तो दहावी झाला, त्याने आयटीआय केले आणि आज तो एका कारखान्यात फिटर आहे.

पुढे मी वकील झालो. बाल न्याय मंडळासमोर मुलांची बाजू मांडताना ‘नुसता ठेवला होता’ हे तीन शब्द मी पुष्कळदा ऐकले. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहिताना आठवणींपेक्षा हा विषय निवडला. मुलाच्या दप्तरात पाते येते ते बहुधा भीतीपोटी. ते पाते भीती घालवत नाही. ते भीती वाढवते आणि मुलाला कायद्याच्या उंबरठ्यावर नेऊन उभे करते. हा कायदा पालकांना माहीत असला पाहिजे आणि तो लागू होण्याआधीची वेळ त्यांना ओळखता आली पाहिजे.

१. कोयता : एक शब्द, दोन अर्थ

आपल्या शाळेतील अनेकांच्या घरी कोयता हे पोटाचे साधन आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात मुकादम उचल देतो तेव्हा नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. माणसाचीच गणना अवजाराच्या नावाने होते. त्या कोयत्याच्या मजुरीतून आपल्यापैकी कित्येकांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागला आहे.

गेल्या काही वर्षांत पुणे आणि परिसरातील बातम्यांतून हाच शब्द ‘कोयता गँग’ या रूपाने घरोघर पोहोचला. दहशत माजवण्यासाठी कोयते नाचवणाऱ्या या टोळक्यांत अल्पवयीन मुलेही आढळली. भर रस्त्यात तलवारीने वाढदिवसाचा केक कापणे, हातात शस्त्र घेऊन रील बनवणे, असले प्रकार शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत आले. मुलांना हा खेळ वाटतो. परंतु त्या चित्रफितीवरूनच पोलीस मुलापर्यंत पोहोचतात आणि तीच पुरावा ठरते.

शेतातला कोयता आणि चौकातला कोयता एकाच भट्टीतून निघालेले असू शकतात. मग एक अवजार आणि दुसरा अपराध कसा? याचे उत्तर कायद्यात आहे.

२. शस्त्र कशाला म्हणावे?

शस्त्र अधिनियम, १९५९ हा केंद्रीय कायदा आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली, अथवा तशी बदलून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र, असा त्यातील व्याख्येचा आशय आहे. येथील ‘बचाव’ हा शब्द पालकांनी नीट लक्षात घ्यावा. ‘स्वतःच्या रक्षणासाठी बाळगला’ असे सांगितल्याने वस्तू या व्याख्येतून सुटत नाही. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू मात्र व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत.

शस्त्र नियम, २०१६ यांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. ज्या भागाला या अधिनियमाचे कलम ४ लागू केलेले असते, तेथे असे शस्त्र परवान्याविना बाळगणे हा गुन्हा ठरतो. बातम्यांत ‘शस्त्र अधिनियम कलम ४, २५’ असा जो उल्लेख येतो, तो हाच. अग्निशस्त्राच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे : वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधी ते बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

यातून मुलांमध्ये एक घातक समज पसरला आहे, की पाते ९ इंचांहून लहान असले म्हणजे काही होत नाही. हा समज दोन कारणांनी खोटा आहे.

पहिले कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३७ हे होय. सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी या कलमाखाली मनाई आदेश काढू शकतात. सणवार, निवडणुका, मोर्चे अशा वेळी असे आदेश वरचेवर निघतात. ते लागू असताना चाकू, सुरी, काठी, किंबहुना शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरण्यास बंदी करता येते. तेथे कोणी इंच मोजत बसत नाही. आदेश मोडणाऱ्यास कलम १३५ प्रमाणे १ वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो आणि विशेष कारणे नोंदवल्याखेरीज तो ४ महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही.

दुसरे कारण वापराचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ प्रमाणे भोसकण्याच्या किंवा कापण्याच्या साधनाने जाणूनबुजून दुखापत केल्यास ३ वर्षांपर्यंत, तर गंभीर दुखापत केल्यास किमान १ वर्षापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ते साधन स्वयंपाकघरातली सुरी असली तरी फरक पडत नाही. शेतातून घरी चाललेला कोयता आणि रात्री अकरा वाजता चौकात सदऱ्याखाली लपवलेला कोयता यांत लोखंड तेच असते. प्रसंग, स्थळ आणि हेतू वेगळे असतात. न्यायालय तेच पाहते.

३. मूल पोलिसांच्या ताब्यात गेले तर

वर सांगितलेल्या शिक्षा प्रौढांसाठी आहेत. १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. हा कायदा अशा मुलाला आरोपी म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. या शब्दामागे विचार आहे. मूल कायद्याशी झगड्यात सापडले आहे आणि त्याला त्यातून बाहेर काढायचे आहे, हा तो विचार.

पालकांनी पुढील गोष्टी जाणून असाव्यात. बालकाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला असते. जामीन देणे हा सर्वसाधारण नियम आहे. मुलाची गुन्हेगारांशी गाठ पडण्याचा किंवा त्याला धोका पोहोचण्याचा संभव असेल, अथवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होणार असेल, तरच तो नाकारता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

वयाचा प्रश्न आला तर कायदा प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतो. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. शाळेत नाव घालताना अंदाजे लिहिलेली जन्मतारीख पुढे मुलाचे भवितव्य ठरवू शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

अपराध सिद्ध झाल्यास मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन किंवा समाजसेवा लावू शकते, परिवीक्षेवर सोडू शकते, पालकांना दंड करू शकते किंवा जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी विशेष गृहात ठेवू शकते. बालकाचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. या निर्णयामुळे पुढे नोकरी-शिक्षणात अपात्रता येऊ नये, अशीही तरतूद आहे.

या संरक्षणाला एक मर्यादा आहे आणि ती मुलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, तो ‘निर्घृण’ वर्गात येतो. खून हे त्याचे ठळक उदाहरण. असा गुन्हा १६ वर्षे पूर्ण झालेल्या बालकाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करते. त्यानंतर प्रकरण बालन्यायालयाकडे जाऊन त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही. पण तारुण्याची वर्षे जाऊ शकतात. ‘अठराच्या आत काही होत नाही’ असे सांगणारा त्या मुलाचा मित्र नव्हे.

४. ‘मी फक्त उभा होतो’

दुसरे एक वाक्य मी वारंवार ऐकतो : ‘चाकू त्याच्याकडे होता, मी फक्त उभा होतो.’ भारतीय न्याय संहितेत समान उद्देशाने केलेल्या कृत्याची जबाबदारी त्यातील प्रत्येकावर येते. पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदेशीर उद्देशाने जमला असेल, तर त्या उद्देशापायी एकाने केलेल्या गुन्ह्याचा भार इतरांवरही पडू शकतो. केवळ उपस्थिती म्हणजे गुन्हा नव्हे, हे खरे. परंतु ते सिद्ध होईपर्यंत परीक्षा बुडते आणि आईवडिलांची मजुरी खेपा घालण्यात जाते.

कायदा मुलांच्या आडून काम करणाऱ्या प्रौढांनाही सोडत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ प्रमाणे बेकायदेशीर कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. न्याय संहितेच्या कलम ९५ खाली गुन्ह्यासाठी बालकाला कामाला लावणाऱ्यास ३ ते १० वर्षे कारावास सांगितला आहे. एखादा ‘भाई’ मुलाला गाडीवर फिरवतो, खाऊपिऊ घालतो आणि एक दिवस पिशवी सांभाळायला देतो. त्या पिशवीचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडणार, हे त्याला आधीच ठाऊक असते.

मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली पाहिजे. ‘मांडीवर मारले, म्हणजे मरणार नाही’ हा समज प्राणघातक आहे. मांडीतली मोठी धमनी कापली गेली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. शरीरावर सुरक्षित जागा नाही. कोणी जखमी झालेच तर रुतलेले पाते उपसू नये, जखमेभोवती स्वच्छ कापडाने घट्ट दाब धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

५. एका आईचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात माझा पक्षकार सतरा वर्षांचा होता. भांडण खुन्नसने पाहिल्यावरून. त्याने घरातली सुरी दोन दिवस कंबरेला बाळगली होती, कारण समोरच्याकडेही आहे असे त्याने ऐकले होते. ऐकलेले खोटे निघाले. गेलेला मुलगाही सतरा वर्षांचाच होता आणि त्याच्या खिशात काही सापडले नाही. मंडळाच्या आवारात त्याची आई मला म्हणाली, “साहेब, तुमच्या पोराला कायदा आहे. माझ्या पोराला काय आहे?”

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून बालकांच्या हक्कांविषयी बोलताना मी तो प्रश्न वगळत नाही. आपला कायदा मुलाला दुसरी संधी देतो. ती न्याय्य आहे. पण मेलेल्या मुलाला पहिलीही संधी उरत नाही. म्हणूनच खरे काम घटनेच्या आधीचे आहे.

शस्त्र धारण करण्यातूनच भय निर्माण होते, हा विचार सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या मुळाशी आहे. या प्रकरणात तेच घडले. एकाने बाळगल्याची अफवा, म्हणून दुसऱ्याने बाळगले आणि चार ठोशांत संपले असते ते भांडण स्मशानात संपले.

६. अंगुलिमालाची दुसरी बाजू

आपल्याकडे अंगुलिमालाची कथा ठाऊक नसलेले मूल विरळा. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिला स्थान दिले आहे. अट्ठकथेनुसार त्याचे मूळ नाव अहिंसक. तो तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी. सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूनेच त्याला हिंसेच्या वाटेवर ढकलले. तथागतांनी त्याला थांबवले. सैनिक घेऊन निघालेल्या प्रसेनजित राजाने त्याला भिक्षूच्या रूपात पाहिले आणि पकडण्याऐवजी वंदन केले.

कथा आपण बहुधा येथेच संपवतो. मज्झिम निकायातील सुत्त तेथे संपत नाही. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर ढेकळे आणि काठ्या येऊन पडतात. डोके फुटते, भिक्षापात्र मोडते, चीवर फाटते. रक्तबंबाळ होऊन तो परत येतो तेव्हा हे कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असेच बुद्ध त्याला समजावतात. संधी मिळाली, पण ज्यांची माणसे गेली होती त्यांचे दुःख कोणी पुसून टाकले नाही. बाल न्यायाचा कायदा समजून घ्यायला याहून चांगला पाठ मला सापडलेला नाही. मुलाला थांबता येते, बदलता येते. केलेले मात्र न केलेले होत नाही.

७. आपण काय करावे?

केवळ पोलिसी धाकाने हे थांबत नाही, याचा अनुभव इतरत्रही आला आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर तरुणांच्या टोळ्या आणि चाकूहल्ले यांसाठी कुप्रसिद्ध होते. तेथील पोलिसांनी २००५ मध्ये हिंसाचार कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखे पाहायचे ठरवले. अटकेबरोबरच शाळा, दवाखाने, समाजसेवक आणि नोकरी देणारे यांना एकत्र आणले. पुढील दशकभरात स्कॉटलंडमधील खुनांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. सगळे श्रेय एकाच विभागाचे नसेल. तरी दिशा घेण्यासारखी आहे.

आपल्या आवाक्यातल्या काही गोष्टी सांगतो.

पालकांनी दप्तर जरूर तपासावे, पण त्याआधी मुलाची वाट तपासावी. तो शाळेला रोजचा रस्ता सोडून लांबून जातो का, बाजाराला जायचे टाळतो का, खर्चाचे पैसे वरचेवर ‘हरवतात’ का? ही भीतीची लक्षणे आहेत. चाकू सापडलाच तर मारहाण करू नये. तो लपवूनही टाकू नये. शांतपणे भीतीचे कारण विचारावे, शाळेला कळवावे. मूल संकटात असेल तर बालसाहाय्यासाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

विद्यार्थ्यांनी हे जाणावे, की मित्राजवळ शस्त्र आहे हे मोठ्यांना सांगणे ही चहाडी नव्हे. सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची हमी शाळेने द्यावी आणि ती पाळावी.

माजी विद्यार्थ्यांत आज दुकानदार आहेत, लोहारकाम करणारे आहेत, पोलीस, शिक्षक, वकील आहेत. अंगुत्तर निकायात उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत आणि त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. कोवळ्या मुलाने शोभेचा म्हणून खंजीर मागितला, तर विकणाऱ्याने क्षणभर थांबावे. इतरांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांशी या विषयावर बोलावे. मी माझा दिवस देण्यास तयार आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवरचा तो मित्र मागच्या मेळाव्यात भेटला. “जयभीम” म्हणून त्याने हात हातात घेतला. त्याचा मुलगा आता नववीत आहे. तो म्हणाला, “गुरुजींनी त्या दिवशी विचारले नसते तर?” मी काही बोललो नाही. आठ दिवस मलाही ते विचारता आले असते, हे मला आठवत होते.